बडिगेर मास्तरांनी लिहिलेली जन्मतारीख

फकीरप्पा बडिगेर मास्तरांकडून मी सण्णगेरीच्या शाळेचा चार्ज घेतला, त्याला तीन दिवस लागले. शाळा अवघ्या चार खोल्यांची. पण बाकं, फळे, घंटा, पाण्याची घागर, सगळं त्यांनी मला एकेक करून मोजायला लावलं. नकाशांच्या गुंडाळ्यासुद्धा सोडून दाखवल्या. मी म्हटलं, "राहू द्या सर, नकाशेच आहेत ना." तर म्हणाले, "आत नकाशाच आहे हे तुम्ही पाहिलंत का? उद्या कोरा कागद निघाला तर माझं नाव सांगाल."

असा माणूस. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. पोरानं तापाची चिठ्ठी आणली की मास्तर मधल्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन कपाळाला हात लावून येत. निरीक्षक साहेबांनी कौतुक केलं तर आठवडाभर विचार करत बसत, याला माझ्याकडून काय हवंय. त्यांची बायको सावंत्रव्वा आम्हाला सांगायची, "लग्नात माळ घालायच्या आधी यांनी वाकून माझं तोंड बघितलं. मुलगी बदलली तर नाही ना, म्हणून." मास्तर हसत नसत. "बघायला काय हरकत आहे?" एवढंच म्हणत.

१९९९ साली ते निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षं शाळेकडे फिरकले नाहीत. मी, सुलोचना हडपद, त्यांच्या खुर्चीत बसले. पुढं जे घडलं त्यात मी साक्षीदार होते, म्हणून हे सांगते आहे.

गावाबाहेर भाताची गिरणी आहे. डिसेंबर २००१ च्या अकरा तारखेला संध्याकाळी, माणसं घरी गेल्यावर, तिघे जण तिच्या गोदामात चोरी करायला आले. रखवालदार यमनूरप्पा आडवा आला. त्याच्या डोक्यात लोखंडी पहार घातली. तो वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गिरणीतल्याच दोन हमालांना धरलं आणि त्यांच्याबरोबर हुलिगेव्वाच्या मुलाला, दुरुगप्पाला. गावात त्याला सगळे दुरग्या म्हणत. आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, उंच, हडकुळा पोरगा. त्याचं म्हणणं, मी भिंतीबाहेर सायकल धरून उभा होतो. हमालांचं म्हणणं, पहार त्याच्याच हातात होती.

त्याच वर्षी एप्रिलपासून नवा कायदा लागू झाला होता. आधी मुलगा सोळा वर्षांचा झाला की कोर्टाच्या लेखी मोठा. आता अठरा पूर्ण होईपर्यंत तो लहान. त्याला बेडी घालायची नाही, तुरुंगात मोठ्यांबरोबर ठेवायचं नाही, त्याचं प्रकरण मुलांसाठी नेमलेल्या मंडळापुढं चालवायचं. आमच्या गावात हा कायदा कुणालाच पटला नव्हता. हॉटेलात मंडक्की-मिरची खाता खाता माणसं म्हणत, "बरं झालं. आता मिशी भादरायची, पाळण्यात झोपायचं आणि उठून दरोडा घालायचा." खरं सांगायचं तर मलाही तो कायदा शहरात बसून लिहिल्यासारखाच वाटला होता.

पोलिसांनी शाळेकडून दुरग्याच्या वयाचा दाखला मागितला. मी रजिस्टर उघडलं, नक्कल केली, सही करून दिली. जन्मतारीख १ जून १९८३. म्हणजे साडेअठरा वर्षं. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. आमच्या रजिस्टरात निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. आईबापांना तारीख ठाऊक नसते, मास्तर शाळा उघडायचा दिवस लिहून टाकतात. डॉक्टरांनी त्याच्या हाडांचा फोटो काढला आणि लिहून दिलं, वय सतरा ते एकोणीस. त्यातून कुणाला काय हवं ते घेता येत होतं. दुरग्या जिल्ह्याच्या तुरुंगात गेला, मोठ्या माणसांच्या बराकीत.

जानेवारीत हुलिगेव्वा बडिगेर मास्तरांच्या दारात गेली. ती विधवा, शेतमजुरीवर पोरं वाढवलेली. मास्तर कट्ट्यावर बसले होते, ती खाली रस्त्यावर उभी राहिली. तिला वर ये म्हणायची त्यांच्या घरी पद्धत नव्हती. काय बोलणं झालं ते नंतर तिनंच मला सांगितलं.

"मास्तर, माझा पोरगा अजून अठराचा नाही. तुम्ही वय वाढवून लिहिलंय."

"कुणी सांगितलं तुला? वकिलानं पढवलं काय?"

"मीच त्याची बाळंतीण. मला कोण पढवणार?"

"नवा कायदा आल्यापासून सगळ्यांचीच पोरं लहान व्हायला लागली आहेत, अव्वा. आधी लोक नोकरीसाठी वय कमी करून मागायचे, आता पोलिसांसाठी. माझ्याकडून कागद बदलून मिळणार नाही."

"दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. पुढं तीन दिवसांनी दिल्लीत त्या पंतप्रधान बाईंना मारलं आणि रेडिओवर आठ दिवस नुसती रडवी धून. त्याच वेळी माझ्या छातीला दुधाची गाठ आली होती. मी विसरेन काय?"

"अर्ध्या तालुक्याची पोरं त्याच आठवड्यात जन्मली आहेत," मास्तर म्हणाले. "जा आता."

ती निघाली. कोपऱ्यावर जाऊन परत वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "गाळेव्वाची तारीख तेवढी बरोबर लिहिलीत. तिच्या पाठच्याची बरी चुकली!"

गाळेव्वा म्हणजे दुरग्याची थोरली बहीण. मास्तर उठून आत गेले. पण तीन आठवड्यांनी, शनिवारची सकाळची शाळा सुटता सुटता, ते माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

"अक्कोर," ते म्हणाले. शिक्षिकेला आमच्याकडं अक्कोर म्हणतात. "१९८८ सालचं दाखल रजिस्टर बघायचंय."

मी सावध झाले. हुलिगेव्वा त्यांच्या दारात गेली होती हे साऱ्या गावाला कळलं होतं. वर दुरग्याच्या वकिलानं टाकलेला वयाचा अर्ज कोर्टात पडला होता, हेही मला ठाऊक होतं. आणि आता ज्यानं ती तारीख लिहिली तोच माणूस ते पान मागत होता. त्यांच्याच हाताखाली मी शिकले होते, की कोरा कागद निघाला तर कुणाचं नाव येतं. मी सातवीतल्या दोन मुलींना थांबवून घेतलं आणि दारात उभं केलं, साक्षीला.

"रजिस्टर मी उघडते सर. तुम्ही हात पाठीमागं ठेवा."

मला वाटलं, आता ते भडकणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पाठीमागं घेतले आणि म्हणाले, "असंच करायचं. टेबलावरचं पेनही उचला."

मी पेन उचललं. पान काढलं. दुरुगप्पाची ओळ त्यांना दाखवली. ते वाकले, पण ती ओळ त्यांनी वाचलीच नाही.

"वरची ओळ वाचा."

"गाळेव्वा. जन्म २० एप्रिल १९८३. शेरा : दवाखान्याचा दाखला पाहिला."

"आता खालची."

"दुरुगप्पा. १ जून १९८३."

"दोघांची आई?"

"हुलिगेव्वा." आणि मग मला कळलं. एकाच आईची दोन मुलं, बेचाळीस दिवसांच्या अंतरानं. तेरा-चौदा वर्षं ते पान आमच्या कपाटात होतं. मी स्वतः त्यावरून नक्कल करून दिली होती, आणि वरच्या ओळीकडं बघितलं नव्हतं.

मास्तर बाकावर बसले. हात अजून पाठीमागंच होते. मी म्हटलं, "सोडा आता हात." मग ते सांगू लागले.

१९८८ च्या जूनमध्ये पटावर अडतीस पोरं होती. चाळीस भरली नाहीत तर दोनातली एक जागा जाणार होती आणि या शाळेत नंतर आलेले म्हणून मास्तरांनाच उचलून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला टाकणार होते. चाळिशीला टेकलेल्या सावंत्रव्वाला तेव्हा सातवा महिना होता, आधीची दोन मुलं गेलेली. मास्तर वस्तीत पोरं शोधत फिरले. गाळेव्वा पाच वर्षांची होती. तिचा जन्म मिशनच्या दवाखान्यातला, तिच्या आईकडं कागद होता. पण ती कडेवर भावाला घेऊनच फिरायची. आई शेतावर गेली की त्याला सांभाळायचं कुणी? मास्तर म्हणाले, त्यालाही घेऊन ये, बसेल कोपऱ्यात. आणि पाच पूर्ण दाखवायचे म्हणून त्याच्यापुढं १ जून १९८३ लिहून टाकलं. पटावर चाळीस झाली.

"केवढा होता तो?" मी विचारलं.

"चड्डी नव्हती घातलेली. पाटी चाटायचा."

खरं तर इथं माझा त्यांच्यावर विश्वास बसायला हवा होता. बसला नाही. मी विचारलं, "सर, हे तुम्हाला आताच कसं आठवलं? ती बाई येऊन गेल्यावर?"

"आठवलं नाही. तिनं बहिणीचं नाव घेतलं आणि मला माझाच संशय आला," ते म्हणाले. "म्हणून बघायला आलो."

त्यांनी दुरग्याच्या वकिलाला प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, आणि गाव उलटलं. मी बाजारात गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. ज्यानं आयुष्यभर एका पोराचं खोटं खपवून घेतलं नाही, तो आता म्हणतो मीच खोटं लिहिलं, याच्यामागं काहीतरी असणारच. कुणी म्हणे, आमदाराचा माणूस येऊन गेला. कुणी म्हणे, म्हातारपणी डोकं फिरलं. यमनूरप्पाची बायको शरणव्वा तर त्यांच्या कट्ट्यासमोर येऊन उभी राहिली.

"हुलिगेव्वाच्या घरी काय जेवून आलास रे मास्तर? गोड होतं काय?"

सावंत्रव्वा आतून बाहेर आली, तिला मास्तरांनी हातानं थांबवलं.

"माझा नवरा बघायला ये एकदा," शरणव्वा म्हणाली. "मी भरवते तेव्हा तोंडातनं गळतं त्याच्या. त्याला माझं नाव घेता येत नाही. आणि तो घोडा लहान काय? लहान आहे म्हणून पहार हलकी लागली काय? सांग ना, शिकलेला आहेस."

मास्तर उभे राहिले. ती थुंकली आणि गेली. त्या बाईवर मी कधी रागावू शकले नाही.

एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या कोर्टात वयाची चौकशी लागली. रजिस्टर घेऊन मला बोलावलं होतं. ते कापडात बांधून मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, आणि मास्तर त्याच बसमध्ये चार रांगा पुढं. आम्ही एकमेकांशी बोललो नाही, कुणी बघितलं तर वाईट दिसलं असतं. कोर्टाच्या आवारात दुरग्याला आणलं. चार महिन्यांत त्याच्या गालाची हाडं वर आली होती. त्यानं मला नमस्कार केला. मास्तरांकडं बघितलंही नाही.

आधी माझी साक्ष. सरकारी वकील मला म्हणाले, "हे गृहस्थ तुमचे जुने वरिष्ठ. रजिस्टर त्यांच्या हातात दिलंत?"

"नाही. हात पाठीमागं ठेवायला लावले होते."

"वरिष्ठांना?"

"त्यांनीच शिकवलंय तसं."

कोर्टात कुणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी वर बघितलं आणि हसू बंद झालं. मग मास्तर उभे राहिले. धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा कोट, जसे झेंडावंदनाला येत तसे. सरकारी वकिलांनी त्यांना हवं ते सांगू दिलं. पटाचं, अडतीस पोरांचं, सगळं. मग विचारलं, "म्हणजे सरकारी कागदावर तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत?"

"होय."

"स्वतःच्या फायद्यासाठी?"

"होय."

"मग मास्तर, एवढंच सांगा. तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

मला वाटलं, संपलं. मग ते जज्जसाहेबांकडं वळून म्हणाले, "साहेब, वकीलसाहेबांचं बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी तुमच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता. त्या पोराच्या आईवरही ठेवू नका. वरची ओळ वाचा आणि दवाखान्यातून खात्री करून घ्या."

सरकारी वकील म्हणाले, वरची ओळही खोटी असेल. मग मिशनच्या दवाखान्यातला बाळंतपणाची जुनी नोंदवही मागवली गेली. त्यात हुलिगेव्वा, मुलगी, २० एप्रिल १९८३, वजनासकट नोंद होती. पुढच्या तारखेला जज्जसाहेबांनी सगळ्यांसमोर हिशेब केला. मुलगा दिवाळीत जन्मला की आणखी कधी, हे आपण बाजूला ठेवू. पण बहिणीनंतर नऊ महिन्यांच्या आत तो जन्मू शकत नाही. म्हणजे जानेवारी १९८४ च्या आधी नाही. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी त्याला अठरा पूर्ण झालेली असणं शक्यच नाही. नव्या कायद्याप्रमाणं त्याला तुरुंगातून हलवा आणि प्रकरण मुलांच्या मंडळाकडं पाठवा.

हुलिगेव्वाला निकाल समजायला वेळ लागला. वकिलानं दोनदा सांगितल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे घरी येतो?" तो म्हणाला, "नाही अव्वा. म्हणजे लहान आहे एवढंच." ती पायरीवर बसली. मास्तर तिच्याजवळून गेले, थांबले, काहीतरी म्हणाले. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला दिसलं नाही.

त्या दोन हमालांना मोठ्या कोर्टात सात-सात वर्षं झाली. मंडळासमोर दुरग्याचं प्रकरण वर्षभर चाललं. तो चोरीत सामील होता हे धरलं गेलं, पहार कुणाच्या हातात होती ते सिद्ध झालं नाही. त्याला दीड वर्षासाठी मुलांच्या गृहात पाठवलं. हुलिगेव्वा दर महिन्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून त्याला भेटायला जायची.

मास्तरांना शिक्षण खात्याची नोटीस आली. खोटी नोंद का केली, खुलासा करा. त्यांनी खुलासा तर केलाच, वर आणखी सत्तावीस नावांची यादी जोडली. या पोरांच्या तारखाही मी अंदाजानं टाकल्या आहेत, तपासून घ्याव्यात. खात्याच्या ऑफिसातला कारकून ती यादी घेऊन माझ्याकडं धावत आला. "अक्कोर, म्हाताऱ्याला आवरा. यातले चौघं सरकारी नोकरीत आहेत. कुणाच्या पोटावर उठलाय हा?" खात्यानं त्यांना ताकीद दिली आणि फाइल बंद केली. यादीचं काय झालं कुणी सांगितलं नाही. त्या चौघांपैकी एकानं मात्र मास्तरांना आजतागायत नमस्कार केलेला नाही.

२००४ च्या दिवाळीनंतर दुरग्या सुटून आला. खांदे भरले होते, आवाज जाड झाला होता. पंधरा दिवस गावात राहिला आणि मग होसपेटला फरशीच्या कारखान्यात कामाला लागला. जाण्याआधी तो एका दुपारी मास्तरांकडं गेला होता, हे मला सावंत्रव्वाकडून कळलं. मास्तरांनी त्याला कट्ट्यावर घेतलं, तिला आत जायला सांगितलं आणि दोघं तासभर बोलत होते.

मी मास्तरांना विचारलं, "काय म्हणाला?"

"कामाचं म्हणत होता."

"तासभर?"

"फरशीचं काम अवघड असतं."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांनी त्याला विचारलं नसेल, हे शक्यच नाही. ज्या माणसानं तापाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही, तो पहारीबद्दल विचारल्याशिवाय त्या पोराला कट्ट्यावरून उतरू देणार नाही. माझा संशय असा, की दुरग्यानं त्यांच्याकडं कबूल केलं. त्याला कारणही आहे. त्या आठवड्यापासून मास्तर रोज सकाळी यमनूरप्पाच्या घरी जायला लागले. शरणव्वानं पहिले काही दिवस दार लावून घेतलं, मग उघडं ठेवलं. आत ते काय करत? यमनूरप्पाला पाटीवर डाव्या हातानं अक्षरं गिरवायला शिकवत. दोघंही म्हातारे, मध्ये पाटी. सहा महिन्यांनी यमनूरप्पा 'शरणी' एवढं लिहायला लागला, वाकडंतिकडं. शरणव्वाला वाचता येत नाही, मास्तरांनी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरंच माझं नाव आहे काय हे? का तू आपलं सांगतोस?"

एकदा मी धीर करून मास्तरांना विचारलं, "सर, पहार त्याच्याच हातात होती असं तुम्हाला तेव्हा कळलं असतं, तर कोर्टात गेला असतात का?"

ते रस्त्याकडं बघत होते. हुलिगेव्वा डोक्यावर सरपण घेऊन समोरून चालली होती.

"त्यामुळं त्याचं वय बदललं असतं काय, अक्कोर?" ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "पण तुम्ही हे का विचारताय? तुम्हाला कुणी काही सांगितलं काय?"